शांत माणसाचं कापड

— नाही हो श्रीपादभाऊ, आमच्याकडे कुठला शर्ट, शर्टबिर्ट काही नाही, तुम्ही आधी आत या, दारात उभं राहून काय विचारता — एक मजला उतरून आलात, शेजारी आहात, या. तिथं नको, तिथं नको — त्या खुर्चीवर सुई आहे, काल आमचे हे बसले नि उठून थेट बाल्कनीत गेले. सोफ्यावर बसा. ते तुकडे जरा सरकवा — सरकवा म्हंजे नुसते सरकवा, वर-खाली करू नका, लावून ठेवलेत. हां. आता पडतात हो कपडे आमच्या ग्रिलवर, मी नाही म्हणत नाही, वरच्या सगळ्यांचेच पडतात, आमचा दुसरा मजला आणि ग्रिल ही अशी पुढं आलेली, बिल्डरनं सोनिवलीतल्या सगळ्या धुण्याची सोय आमच्याकडेच करून ठेवलीय. पण पडले की मी लिफ्टजवळ नेऊन टांगते, विचारा कुणालाही, भागीरथीबाईंनी कुणाचा रुमाल तरी ठेवून घेतला का म्हणून. निळ्या चौकड्यांचा मात्र नाही पाहिला — काय? रंग तुम्ही सांगितलाच नव्हता? नाही कसा, सांगितलात की. नाही? मग तुमच्या अंगावरच बघितला असेल, दर रविवारी तोच घालून खाली स्कूटर धुता ना तुम्ही, सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे तो शर्ट. त्यात काय एवढं.

चहा टाकते. नाही कसं, टाकतेच, दूध आहे. हे बघताय ना — हो, सिलेंडरच आहे तो, फ्रॉक घातलाय त्याला. हसा तुम्ही, सगळे हसतात, गॅसवाला तर भरलेला सिलेंडर घेऊन आला की दारातनंच म्हणतो, मावशी, मुलीचे कपडे काढून ठेवा. मिक्सरला टोपी आहे, रिमोटला पाकीट आहे, फ्रिजच्या दांडीला बाही आहे, ती ह्यांच्या सदऱ्याची — हे म्हणतात रोज सकाळी दूध काढताना आपलाच हात धरल्यासारखं वाटतं. सगळं चिंध्यांतून हं, एक वार कापड विकत आणलेलं नाही. उल्हासनगरला जाते ना मी, कॅम्पात, तिथं गल्लीगल्लीत जीन्सचे कारखाने, कापून उरलेली कतरन पोत्यात भरून बाहेर ठेवलेली असते. एक सिंधी शेठ आहेत ओळखीचे, मला बघितलं की गल्ल्यावरनं उठतात, अचो अम्मा, अचो, म्हंजे या या, करत बसायला स्टूल देतात. पहिली गोधडी मी त्या जीन्सचीच केली. शिवून झाली नि घडी घालायला गेले, तर घडीच होईना. भिंतीला टेकवली तर उभी राहिली. हे बाहेरून आले, चष्मा नव्हता, कोपऱ्यात कुणी पाहुणे उभे आहेत असं वाटून जय भीम करून मोकळे झाले आणि मला म्हणाले, पाहुण्यांना पाणी दिलंस का. ती अजून आहे, बाथरूमच्या दाराला लावलीय, वारा अडवते.

घ्या, चहा घ्या. साखर कमी आहे का? आहे ना ठीक? तुम्हाला विचारलं तरी तुम्ही ठीकच म्हणणार म्हणा. तर ती जीन्सची गोधडी बाळाला कशी चालेल, टोचेल ना. बाळाला जुनंच कापड लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, माणसाच्या अंगाला लागलेलं. हो, आमच्याकडे नात झाली, गेल्या आठवड्यात, तुम्हाला पेढे दिले नाहीत का? हे देणार होते. बघा, सगळ्या बिल्डिंगला वाटले नि तुमच्याच घराला विसरले — तरी तुम्ही काही बोलला नाहीत, हेच, हेच मी म्हणते. नंतर सांगते. तर रविवारी नामकरण आहे, अंबरनाथला, सुनेच्या माहेरी, आणि पहिली गोधडी आजीची असते. आणि ती कुणाच्याही कापडाची चालत नाही भाऊ. ज्याचं कापड, त्याचा स्वभाव. माझी आई सांगायची. आमचा राजरत्न म्हणतो, आई, आपण असलं काही मानत नाही. मी म्हटलं, मी तरी कुठं मानते? नवस मानत नाही, मुहूर्त मानत नाही, मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते. पण कापडाचं मानायचा प्रश्नच नाही, ते डोळ्यांना दिसतं. राजरत्नची गोधडी माझ्या आईनं केली ती माझ्या थोरल्या मामाच्या धोतराची. मामा कसा, तर जेवला की झोपायचा आणि उठला की आज काय केलंय विचारायचा. आता आमच्या राजरत्नला रविवारी बघा तुम्ही. नणंदेच्या सदूला घातलं त्याच्या आत्याचं लुगडं — ती आत्या दिवसभर ह्या घरातनं त्या घरात, सगळ्यांच्या खोल्या किती नि माळ्यावर काय ते तिला ठाऊक — आणि सदू आज काय करतो? फ्लॅट दाखवतो लोकांना. आता ही अंधश्रद्धा म्हणायची का? अनुभव आहे हो.

म्हणून मग शांत माणूस शोधायला लागले. आमच्या घरात कोण शांत? हे टीव्हीवरच्या माणसांशी भांडतात, ती माणसं आपापसात भांडत असतात तरी ह्यांना मध्ये बोलायचं असतं. वॉचमन बबन शांत आहे, पण तो झोपेत शांत आहे, आणि झोपणारा आमच्याकडे एक आहेच. पहिल्या मजल्यावरच्या त्या योगाच्या बाई, सकाळी डोळे मिटून बसतात, मला वाटलं हे बरंय, एखादा उशीचा अभ्रा मागून घ्यावा — तर त्याच सकाळी कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याला असं काही बोलल्या की तो गाडी तिथंच सोडून गेटबाहेर जाऊन उभा राहिला. मग राहिलं कोण? तुम्ही. नाही नाही, लाजू नका, खरंच. सोसायटीच्या मागच्या मीटिंगमध्ये मी तुमच्या मागंच बसले होते. पार्किंगचा विषय निघाला, तुमच्या जागेवर तो सी विंगचा माणूस त्याची भलीमोठी गाडी लावतो आणि तुमची स्कूटर बाहेर रस्त्यावर — तुम्ही हात वर केलात. सेक्रेटरींनी बघितलं नाही. तुम्ही हात तसाच ठेवलात. ते पुढं लिफ्टवर गेले, लिफ्टवरनं पाण्याच्या टाकीवर गेले, मग तुम्ही तो हात खाली आणलात आणि केस नीट केलेत, जसा काही केसांसाठीच वर केला होता. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, भागीरथी, हाच माणूस. तुमच्या हिमानीताई बोलायला लागल्या की तुम्ही बाल्कनीत येऊन कुंडीला पाणी घालता ना, ते पण येतं ग्रिलवर, ते झाड केव्हाच गेलंय भाऊ पाण्यानं, पण आवाज नाही तुमचा, एक शब्द नाही. असं कापड कुठं मिळतं?

शर्ट. हो, शर्टाचंच सांगतेय की मी, दुसरं काय सांगतेय. पडला होता. पडला होता म्हंजे — वारा होता त्या दिवशी. नव्हता? थोडासा होता. बरं, वारा नव्हता, पण तो पडायच्या बेतात होता, एकाच चिमट्यावर होता बिचारा, दुसरा चिमटा मी — म्हंजे दुसरा चिमटा निघाला. कसा निघाला? आता बघा, कपडे वाळत घालायची काठी असते ना आपली, तिच्या टोकाला पडद्याचा हुक बांधला की ती तुमच्या दोरीपर्यंत बरोबर पोचते. मी काही चढून बिढून नाही आले. आमच्या बाल्कनीत उभी राहून, आमच्या काठीनं, आमच्या हद्दीतनं. मागायला यायचं होतं हो, खरंच यायचं होतं, दोनदा जिना चढून तुमच्या दारापर्यंत आलेही, पण काय मागू? तुमचा स्वभाव चांगला आहे, शर्ट द्या? हिमानीताई काय म्हणाल्या असत्या. आणि तुम्ही तर दिलाच असता, नाही म्हणायला तुम्हाला जमतंय कुठं, मग म्हटलं जो देणारच आहे त्याला उगाच कशाला विचारा. पायजमा? कुठला पायजमा? तो पण सापडत नाही का? अच्छा, तो पांढरा. तो अस्तराला गेला भाऊ. फार मऊ होता. उशीचा अभ्रा मात्र मी नाही घेतला, अभ्रा खरंच वाऱ्यानं आला, शपथ — तो पण आत आहे, मधल्या थरात, तोंडी लावायला.

हे बघा, धरा इकडनं. धरा ना, तुमचंच आहे. कसं दिसतंय? चारी बाजूंनी ही फुलाफुलाची कतरन, ती मऊ आहे, बायकांच्या गाऊनची, आणि मधोमध तुमच्या पाठीचा चौकोन. बरोबर बाळाच्या छातीवर येतो. इथं हा खिसा तसाच ठेवलाय, बाळाचा रुमाल ठेवायला. कॉलरचं काही करता येईना म्हणून कॉलर रिमोटला दिली. टाके बघा, धावदोरा, सगळा हातानं, गळ्यात चष्मा नि नाकावर चष्मा असे दोन-दोन चष्मे लावून घातलाय. बटणं काढून डबीत ठेवलीत, तुम्हाला द्यायलाच ठेवलीत. तुम्ही रागावला नाहीत ना? बघा, कपाळावर आठीसुद्धा नाही. म्हणून तर.

काय म्हणालात? शांत कशाला हवी इतकी? बाळ आहे, रडणारच? अहो, तुम्ही तिला ऐकलं नाही. मी ऐकलंय. फोनवर. हे नि राजरत्न बघून आले, दोन-दोनदा जाऊन आले, मी नाही गेले — जाईन की, अंबरनाथ काय लांब आहे, गोधडी झाली की जाणार, हातात काही नसताना कसं जायचं. तर राजरत्ननं फोन लावून तिच्या तोंडाशी धरला, आणि मी इकडं फोन कानापासून हातभर लांब धरला. हॉस्पिटलातली नर्स म्हणते, ही रडायला लागली की वॉर्डातली बाकीची पोरं गप्प होऊन ऐकतात. राजरत्न म्हणाला, आई, डिट्टो तू. सगळे हसले. मागनं मैत्रेयी हसलेली पण मला ऐकू आली — मैत्रेयी, माझी सून — आणि मी पण हसले. फोन ठेवला नि मला काही सुचेना. कारण मैत्रेयी का हसली ते तुम्हाला माहीत नाही. नाही, माहीत असेल, सगळ्या बिल्डिंगला माहितेय, तुम्ही तर बरोबर वर राहता. ती इथं असताना तिनं घर आवरायला काढलं, पोट एवढं पुढं आलेलं, वाकता येत नव्हतं तरी, आणि माझं कतरनचं पोतं घंटागाडीत देऊन टाकलं. तिला कचरा वाटला. आता मला सांगा, पोतं गेलं तर माणूस ओरडणार नाही का? मी अनवाणी गाडीमागं पळाले, थांबव रे थांबव करत, तर लोकांना वाटलं चोर पळतोय, दोघं-तिघं माझ्या पुढं पळायला लागले, एकानं भलत्याच माणसाला धरला. पोतं आणलं परत. आणि मग घरी येऊन बोलले मी तिला, बोलणारच ना, पोत्यापासून सुरू केलं ते तिच्या माहेरच्या पडद्यांपर्यंत गेले, पडद्यांचा काही संबंध नव्हता, पण एकदा आवाज चढला की तो आपला आपण पुढं जातो. ती काहीच बोलली नाही. पिशवी भरली आणि राजरत्नला म्हणाली, मला आत्ताच आईकडे सोड. जाणारच होती ती बाळंतपणाला, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, लवकर गेली एवढंच. फोनवर बोलते की माझ्याशी. हो आई म्हणते, नाही आई म्हणते, ठेवते आई म्हणते.

आणि आता त्या घरात त्या पोरीच्या तोंडातनं माझाच आवाज. पाळण्यातनं. मैत्रेयीनं तो आयुष्यभर ऐकायचा? म्हणून ह्या गोधडीत मी माझा एक तुकडा घातलेला नाही. ह्यांचा आहे, राजरत्नचा आहे, मैत्रेयीच्या जुन्या ओढणीची किनार आहे, तुमचं तर निम्मं कपाट आहे — माझं एक सूत नाही. काहीतरी थंड पडायला पाहिजे तिच्या अंगावर. तुमच्यासारखं. म्हंजे कसं बघा, कुणी तुमची जागा घ्यावी, कुणी शर्ट ओढून कापावा, पेढे देऊ नयेत, बायकोनं बोलावं, आणि तुम्हाला त्याचं काही वाटतच नाही, वरनं पाणी टाकलं की खालनं निघून जातं, गायीसारखा गरीब माणूस, तुम्हाला राग हा प्रकारच देवानं —

अगं बाई.

अहो. अहो भाऊ. बसा. बसा खाली, कप पडला — राहू दे तो कप, फुटला नाही, फुटला तरी राहू दे. केवढा आवाज हो तुमचा. खालचा बबन जागा झाला, शिटी वाजवतोय बघा. काय म्हणालात तुम्ही, मला वाटतं, सगळं वाटतं, रोज वाटतं — असंच म्हणालात ना? आणि मी काय गाय आहे का, असं. मी आपलं चांगल्या अर्थानं — नाही, बोलत नाही मी, गप्प बसते. थांबा, कात्री कुठंय. अहो मागं काय सरकता, तुम्हाला काही करत नाही, उसवतेय. हा मधला चौकोन काढायला लागणार ना आता. असा माणूस बाळाच्या छातीवर कसा ठेवू मी, वरनं गार नि आत हे एवढं साठलेलं, माझं निदान बाहेर तरी पडतं. घ्या. हे तुमचं पाठीचं. खिसा पण घ्या. पायजम्याला मात्र वेळ लागेल, तो सगळीकडे पसरलाय. अशी फसगत झाली नव्हती हो माझी कधी, मी माणसं ओळखते म्हणायची.

रडताय का? नाही ना? हसताय. मग हसा, मला वाटलं रडताय. पाणी देऊ? किती वर्षं झाली म्हणता, असं ओरडून? कॉलेजात असताना? बापरे. आणि आता कसं वाटतंय? छातीत मोकळं. हो ना, वाटतंच. मला रोज वाटतं, पण नंतर तासाभरानं वाईट वाटतं, ते तुम्हालाही वाटेल, त्याची तयारी ठेवा. नाही नाही, माफी कसली मागता, काठी माझी, हुक माझा, माफी तुम्ही मागता. वर हिमानीताई काय म्हणतील एवढं ऐकून? ऐकून खूश होतील? तुम्हाला काय वाटतं ते त्या रोज विचारतात, आणि तुम्ही कुंडीला पाणी घालता, म्हणून चिडतात? असं आहे होय. ते मला खालनं कसं कळणार.

काय? परत सांगा. माझं? माझं कापड इथं मधे लावू? अहो, आत्ता एवढं सांगितलं ना तुम्हाला, घंटागाडी, पडदे — तुम्ही ऐकत होतात की नाही? ऐकत होतात. मग? ... तुमच्या लहानपणी तुमच्या गोधडीत माझ्यासारख्या एखाद्या बाईचं लुगडं घातलं असतं, तर आज तुमची स्कूटर पावसात उभी नसती. असं म्हणता. आणि पोरीला आवाज असू दे. कुणीतरी पोरीची जागा घेईल तेव्हा लागेल तो. हं. मैत्रेयीनं पण त्या दिवशी मला उलट ओरडून सांगितलं असतं ना, की आई, पोतं कोपऱ्यात ठेवा, मला चालता येत नाही, तर बरं झालं असतं. ती गप्प बसली, तेच मला बोचतंय इतके दिवस. मला त्या पोरीला बघायचंय हो भाऊ. मला ती हातात घ्यायचीय, आणि मी इथं चौकोन जुळवत बसलेय, की माझ्याकडे बघून ती रडली आणि सगळ्यांनी परत म्हटलं, बघा, आजी — तर मी कुठं बघू.

बरं. कपाटात खाली ती जांभळी साडी आहे, अंगावर झिरझिरीत झालीय इतकी नेसलेली. मऊ आहे. तुमच्या शर्टापेक्षा मऊ आहे, खरं सांगायचं तर. तुमचा पायजमा राहू दे खाली, तो बिचारा गप्प आहे, राहील. चौकोन एवढा हवा... नाही, थोडा मोठा घेते. रविवारची वाट कशाला बघायची, संध्याकाळीच जाते अंबरनाथला. मैत्रेयीनं विचारलं हा मधला तुकडा कुणाचा, तर सांगेन माझा. आणि पुढं जे बोलायचंय ते बोलेन, हळू बोलेन, नाही जमलं हळू तर मोठ्यानं बोलेन, पण बोलेन.

तुम्ही अजून बसलात? उठा. उठा भाऊ, बटणांची डबी घ्या नि निघा. मला साडी कापायचीय, आणि कुणी समोर बसून बघत असलं की माझी कात्री वाकडी जाते. दार ओढून घ्या.